परदेशीं गेलेल्या पूर्वजाचा शोध आणि धर्मग्रामाच्या वह्या

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ चमत्कारानें करीत नाहीं, उपदेशानेंही करीत नाहीं; तो वंशावळीनें करितो. अब्राहामापासून योसेफापर्यंत एकेक पिढी तो नांवानिशीं सांगतो, आणि त्या मालिकेंत दावीद राजाबरोबर रूथ नामक परदेशी विधवेसही स्थान देतो. आपण कोणाचे कोण हें ज्यास ठाऊक आहे, तो मनुष्य जगांत अगदींच एकाकी नसतो, हें प्राचीन लोक जाणून होते. आज आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असतां देवळाच्या वेदीची व घंटेची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष देवळांतील एका कपाटाकडे वळवूं इच्छितों. त्यांत बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या वह्या ठेविलेल्या असतात. त्यांचें मोल काय, हें समजण्यास एका दूरच्या उदाहरणाचा चांगला उपयोग होईल. तें उदाहरण म्हणजे जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेल्या सामान्य मनुष्याचें, आणि दीडशें-दोनशें वर्षांनंतर त्याचें मूळ शोधावयास निघालेल्या त्याच्या वंशजाचें.

इ. स. १६८३ मध्यें क्रेफेल्ड भागांतील तेरा कुटुंबें ‘कॉन्कॉर्ड’ जहाजानें फिलाडेल्फियास उतरलीं व त्यांनीं जवळच जर्मनटाऊन वसविलें. तेथपासून ह्या स्थलांतराचा इतिहास सांगण्याची रीत आहे. १७०९ सालीं ऱ्हाइन नदीकांठच्या पॅलाटिनेट प्रांतांतून व आसपासच्या मुलखांतून हजारों लोक लंडनला जाऊन थडकले. युद्धांनीं तो मुलूख आधींच उजाड झाला होता, आणि त्या वर्षीच्या कडाक्याच्या थंडीनें द्राक्षांच्या वेलीही मारून टाकिल्या होत्या. ह्या लोकांत जे कॅथोलिक होते व ज्यांनीं धर्म सोडण्यास नकार दिला, त्यांस इंग्रज सरकारनें परत पाठविलें. पुढें पेन्सिल्व्हेनियाची वाट रुळली. ज्याच्यापाशीं जहाजाचें भाडें नसे तो कांहीं वर्षांची चाकरी लिहून देई व ती फेडून मोकळा होई.

एकोणिसाव्या शतकांत ह्या ओघाचा महापूर झाला. नैऋत्य जर्मनींत बापाची जमीन सर्व मुलांत वांटण्याची चाल असल्यानें शेतांचे तुकडे इतके लहान झाले कीं त्यांवर एका घराचें पोट भरेना. १८१६ सालीं उन्हाळा पडलाच नाहीं, आणि १८४६-४७ मध्यें बटाट्याचें व धान्याचें पीक बुडालें. १८५४ ह्या एका वर्षांत दोन लाखांहून अधिक, तर १८८२ मध्यें सुमारें अडीच लाख जर्मन अमेरिकेंत उतरले. कॅथोलिकांस आणखी एक कारण घडलें. बिस्मार्कच्या राजवटींत ख्रिस्तसभेवर कडक कायदे आले व १८७२ च्या कायद्यानें येशूसंघीयांस जर्मन साम्राज्याबाहेर काढण्यांत आलें. ह्या जर्मन येशूसंघीयांचा आपल्या इलाख्याशींही निकट संबंध आहे. १८५४ पासून ते मुंबईच्या मिशनांत काम करीत होते. संत झेवियर कॉलेज त्यांनींच १८६९ मध्यें स्थापिलें, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांस हा देश सोडावा लागला. त्यांचेच बंधू त्याच काळांत अमेरिकेंत बफेलो येथें जर्मन देशांतरितांची सेवा करीत होते. तेव्हां हा विषय परका दिसला तरी आपणांस अगदींच अनोळखी नाहीं.

आतां एका वहीची गोष्ट सांगतों. १७४१ सालीं फादर थिओडोर श्नायडर नांवाचे येशूसंघीय पेन्सिल्व्हेनियांत आले. त्यांचा जन्म १७०३ सालीं पॅलाटिनेट प्रांतांत झाला होता व हायडेलबर्गच्या विद्यापीठांत त्यांनीं मोठ्या अधिकाराचीं पदें भूषविलीं होतीं. तें सर्व सोडून त्यांनीं गोशेनहॉपन नामक वस्तींत ठाणें केलें आणि तेथें १७४३ मध्यें लहानसें प्रार्थनामंदिर उभारिलें. (ह्या गांवास पुढें फादर ऑगस्टिन बॅली ह्यांच्या स्मरणार्थ बॅली असें नांव पडलें.) मिस्साग्रंथ विकत मिळण्याची सोय नसल्यानें फादर श्नायडर ह्यांनीं तो ग्रंथ स्वहस्तें उतरून काढिला. घोड्यावर बसून ते पेन्सिल्व्हेनिया व न्यू जर्सी ह्या प्रांतांतील विखुरलेल्या घरांत जात, मुलांस शिकवीत, रोग्यांस औषध देत. आणि जेथें जात तेथील प्रत्येक बाप्तिस्मा व प्रत्येक विवाह ते आपल्या वहींत टिपून ठेवीत. देऊळ दूर असे, म्हणून अमुक मनुष्याच्या घरीं हा संस्कार झाला, अशाही नोंदी त्या वहींत आढळतात.

त्या काळीं तेथील कॅथोलिक समाज किती लहान होता, पहा. १७५७ च्या गणनेंत पेन्सिल्व्हेनियांत बारा वर्षांवरील कॅथोलिक अवघे १,३६५ भरले. त्यांपैकीं ९४९ जर्मन होते. ह्या मूठभर गरीब शेतकऱ्यांचें नांव दुसऱ्या कोणी लिहून ठेविलें असतें? १७२७ पासून फिलाडेल्फियास उतरणाऱ्या जर्मन पुरुषांस राजनिष्ठेची शपथ घेऊन यादीवर सही करावी लागे, हें खरें. परंतु ती यादी सोळा वर्षांवरील पुरुषांपुरतीच असे. बायका व मुलें बहुतेक याद्यांतून गळालेलीं आहेत. फादर श्नायडर ह्यांच्या वहींत मात्र आईचें नांव आहे, बालकाचें नांव आहे, धर्मपिता व धर्ममाता ह्यांचींही नांवें आहेत. १७६४ सालीं ते निवर्तले. वही राहिली, पुढें ती छापून निघाली, आणि तींत आपला पूर्वज सांपडला असें सांगणारीं कुटुंबें आज अमेरिकेंत ठिकठिकाणीं आहेत. पंडितानें विद्यापीठांत केलेलें काम थोड्यांस ठाऊक आहे. त्यानें रानांत भरलेली वही अनेकांच्या उपयोगीं पडली.

शोध घेणाऱ्यानें काय करावें, ह्याविषयीं जाणते लोक एकच नियम सांगतात: आपल्यापासून आरंभ करावा व एकेक पायरी मागें जावें. पुष्कळ जण उलट करितात. आपल्या आडनांवाचा कोणी सरदार इतिहासांत सांपडला कीं त्याच्यापासून खालीं उतरूं पाहतात, आणि बाजारांत विकत मिळणारें कुलचिन्ह भिंतीवर टांगून समाधान मानितात. तें ज्ञान नव्हे. आधीं घरांतील कागद, प्रार्थनापुस्तकांत लिहिलेल्या तारखा, मयतांच्या स्मरणार्थ वांटलेलीं छापील चित्रें, वृद्धांच्या आठवणी हीं जमवावीं. मग सरकारी दफ्तराकडे जावें. अमेरिकेंत १८५० पासूनच्या जनगणनेंत प्रत्येक स्वतंत्र मनुष्याचें नांव आहे, १९०० च्या जनगणनेंत तर तो कोणत्या सालीं देशांत आला हेंही विचारिलेलें आहे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या आगीनें नष्ट केले. १८२० पासून उतारूंच्या याद्या आहेत. आणि १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मस्थळ लिहावें लागे.

येथवर वाट सोपी आहे. पण पुढें बहुतेकांचें पाऊल अडतें, तें एकाच ठिकाणीं. सरकारी कागद ‘प्रशिया’, ‘बाडेन’, ‘बव्हेरिया’ एवढेंच सांगतो. गांव सांगत नाहीं. आणि १८७६ पूर्वीं बहुतेक जर्मनींत जन्म-मृत्यूची सरकारी नोंदच नव्हती. ती होती गांवोगांवच्या देवळांत. म्हणजे गांव कळल्यावांचून देऊळ नाहीं, आणि देऊळ कळल्यावांचून पूर्वज नाहीं. नुसतें ‘नॉयकिर्खेन’ म्हणावें तर त्या नांवाचीं गांवें जर्मनींत कितीतरी आहेत. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्यांत उतारूचें गांव लिहिलेलें आहे. तेथून जहाजांत बसलेला मनुष्य भाग्याचा. ब्रेमेन बंदरांतून त्याहूनही अधिक लोक गेले, पण ठेवावयास जागा नाहीं म्हणून तेथील जुन्या याद्या अधिकाऱ्यांनीं थोड्या थोड्या वर्षांनीं नष्ट केल्या, आणि पुढच्या याद्यांपैकीं बहुतेक दुसऱ्या महायुद्धांत गेल्या. कपाटांतील जागा वांचविण्यासाठीं लाखों माणसांच्या गांवांची नांवें पुसलीं गेलीं, ही गोष्ट आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मग गांव कोठें सांपडतें? बहुधा पुन्हा ख्रिस्तसभेच्या छायेंतच. जर्मन कॅथोलिक जेथें गेले तेथें त्यांनीं आपल्या भाषेचीं देवळें बांधिलीं. सिन्सिनाटी शहरीं १८३७ मध्यें ‘वाहरहाइट्सफ्रॉइंड’ हें कॅथोलिक वृत्तपत्र जर्मन भाषेंत निघूं लागलें. १८४६ मध्यें बोनिफास विम्मर ह्यांनीं बव्हेरियांतून बेनेडिक्टसंघीय नेऊन पेन्सिल्व्हेनियांत मठ वसविला. १८७१ मध्यें लिम्बुर्गचे व्यापारी पेटर पाउल काहेन्सली ह्यांनीं देशांतर करणाऱ्या कॅथोलिकांस बंदरांत आधार मिळावा म्हणून संत रफाएलच्या नांवें मंडळी स्थापन केली. अशा जर्मन धर्मग्रामांच्या विवाहनोंदींत वधूवरांचें मूळ गांव पुष्कळदां लिहिलेलें असतें. मृत्युलेखांत, थडग्यावरील दगडांत तें असतें. आणि, वाचकहो, हें ऐकून आपणांस आनंद होईल कीं, धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त छापलेल्या जुन्या स्मरणिकांतही तें असतें. पहिल्या घरांचे लोक कोणत्या गांवाहून आले, हें कोणा सेवाभावी लेखकानें पन्नासाव्या वर्षीं लिहून ठेविलें आणि शंभर वर्षांनीं तें एका अनोळखी वंशजाच्या उपयोगीं पडलें, असें अनेकदां घडलें आहे. आपल्या हातीं असलेल्या ह्या लहानशा पुस्तकाकडेही वाचकांनीं त्या दृष्टीनें पहावें.

नांवांची गोष्ट निराळीच आहे. म्यूलरचा मिलर झाला, श्मिट्‌चा स्मिथ झाला, आणि त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून त्याचा कार्पेंटर झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांचे पूर्वज फादर श्नायडर आले त्याच १७४१ सालीं पेन्सिल्व्हेनियास पोंचले. तेव्हां त्यांचें आडनांव आयझेनहाउअर असें होतें. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ पासून उतारूंची तपासणी होई, व तेथील कारकुनांनींच लोकांचीं नांवें बदललीं, अशी समजूत अमेरिकेंत घरोघर आहे. ती खरी नाहीं. कारकून जहाजावरच्या यादीशीं नांव ताडून पाहत. ती यादी तर निघण्याच्या बंदरींच झालेली असे. नांव पुढें हळूहळू बदललें: शेजाऱ्याच्या तोंडीं, शाळेंत, कारखान्यांत आणि बहुधा त्या कुटुंबाच्या स्वतःच्याच इच्छेनें.

गांव सांपडलें, जर्मनींतील वही उघडली, तरी वाचणाऱ्याची परीक्षा संपत नाहीं. कॅथोलिक नोंदी बहुधा लॅटिन भाषेंत असतात. तेथें योहान हा योआनेस होतो, हाइनरिख हा हेन्रिकुस होतो. ‘७बेर’ असें लिहिलेलें पाहून नवखा मनुष्य सातवा महिना म्हणजे जुलै समजतो. वस्तुतः तो सप्टेंबर होय, कारण त्या नांवांत लॅटिन भाषेंतील सात हा आंकडा आहे. एका घरांत चार भावांचें पहिलें नांव योहानच असतें, व ते ओळखले जातात दुसऱ्या नांवानें. एक मूल वारलें तर त्याचेंच नांव पुढच्या मुलास ठेवीत, म्हणून मृत्यूची वही पाहिल्यावांचून बाप्तिस्म्याच्या वहीवर भरंवसा ठेवूं नये. वेस्टफालियांत तर शेताचें नांव मोठें. पुरुष लग्न करून दुसऱ्याच्या वाडीवर गेला तर त्या वाडीचें नांव धारण करी, आणि त्याचीं मुलें त्याच नांवानें लिहिलीं जात. धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, हें पाहणें ह्यासाठीं अगत्याचें कीं तीं बहुधा काका, मावशी, आजोबा अशीं जवळचीं माणसें असत. जेथें आडनांव फसवितें तेथें हीं दोन नांवें दिवा दाखवितात.

ही सारी व्यवस्था आपोआप झालेली नाहीं. त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें प्रत्येक धर्मग्रामांत विवाहाची व बाप्तिस्म्याची वही ठेविली पाहिजे असें ठरविलें. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें पांच वह्यांचे नमुने घालून दिले: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामांतील घरोघरच्या आत्म्यांची गणना. पुढें १९०७ मध्यें रोमहून निघालेल्या व १९०८ च्या ईस्टरपासून अंमलांत आलेल्या आज्ञेनें आणखी एक दुवा जोडिला. विवाह कोठेंही होवो, ज्या देवळांत त्या व्यक्तीचा बाप्तिस्मा झाला तेथें तें कळवावें व मूळ नोंदीच्या शेजारीं तें टिपावें, असा तो नियम. १९१८ पासून अंमलांत आलेल्या धर्मसंहितेनें तो कायम केला, आणि वह्यांची एक प्रत दरवर्षीं बिशपांच्या कचेरींत पाठवावयास सांगितलें. ह्याचें फळ असें कीं, बव्हेरियांतील खेड्यांत बाप्तिस्मा झालेल्या मुलीनें पुढें अमेरिकेंत जाऊन लग्न केलें, तर तिच्या जन्मगांवच्या वहीच्या समासांत त्या परक्या शहराचें नांव येतें. घरच्यांस तिचें पत्र आलें नसेल. पण वहीस तिची बातमी पोंचली.

तरी कालाच्या माऱ्यांतून सर्वच वांचलें असें नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत, म्हणजे १६१८ ते १६४८ ह्या काळांत, अनेक देवळांबरोबर त्यांच्या वह्याही जळाल्या. म्हणून पुष्कळ जर्मन घराण्यांचा माग त्या युद्धाशीं येऊन थांबतो. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें आणखी हानि केली. जेथें दुसरी प्रत अन्यत्र होती तेथेंच कांहीं वांचलें. आतां अनेक जर्मन धर्मप्रांतांनीं वह्यांचीं छायाचित्रें काढून ‘मात्रिकुला’ नामक संग्रहांत सर्वांस विनामूल्य पाहण्यास ठेविलीं आहेत. ज्या पानासाठीं पूर्वीं समुद्र ओलांडावा लागे, तें पान मनुष्य आज आपल्या घरच्या यंत्रावर पाहूं शकतो. परंतु छायाचित्र त्याच पानाचें निघतें जें कोणी तरी आधीं लिहिलें व जपलें.

एक कडू गोष्टही येथें सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून हें कथन प्रामाणिक होणार नाहीं. १९३३ पासून जर्मनींतील नाझी राजवटीनें नोकरीसाठीं व नंतर अनेक कामांसाठीं मनुष्याचें ‘आर्यत्व’ सिद्ध करणारे दाखले मागितले, आणि त्यासाठीं त्याच बाप्तिस्म्याच्या वह्या उघडल्या गेल्या. ज्या नोंदीनें एका बालकास देवाच्या कुटुंबांत स्वीकारलें, तिच्याच आधारें त्याचे आजोबा-आजी यहुदी होते काय, हें तपासलें जाऊं लागलें. कार्मेलसंघीय भगिनी एडिथ स्टाइन ह्यांचा बाप्तिस्मा १९२२ मध्यें पॅलाटिनेट प्रांतांतील बेर्गत्साबेर्न येथें झाला होता. पण जन्मानें त्या यहुदी, म्हणून १९४२ च्या ऑगस्टांत ऑश्विट्झ येथें त्यांस ठार मारण्यांत आलें. तेव्हां वंशावळ शोधणाऱ्यानें आपल्या मनास हा प्रश्न विचारावा: मी हें कृतज्ञतेसाठीं करीत आहें कीं रक्ताच्या अभिमानासाठीं? पहिला हेतु मनुष्यास नम्र करितो. दुसऱ्या हेतूनें काय अनर्थ होतो, हें त्या दुर्दैवी देशानें जगास दाखविलें.

आणि खरें पाहतां अभिमानास तेथें जागाही फारशी नसते. शोधाच्या शेवटीं सरदार क्वचितच सांपडतो. सांपडतो तो विणकर, गिरणीवाला, रोजमजूर. कधीं बापाचें नांव नसलेलें मूल. कधीं एका आठवड्यांत तीन लेंकरें पुरलेली आई. ज्यानें चाकरीचा करार लिहून देऊन समुद्र ओलांडला, ज्यास धड सही करितां येत नव्हती, तोच आपला मूळ पुरुष. त्याच्या नांवापुढें त्या खेड्यांतील धर्मगुरूनें दोन ओळी लिहिल्या, आणि जगांत त्याच्याविषयीं राहिलें तें तेवढेंच. राजांचीं चरित्रें लिहावयास बखरकार असतात. गरिबांचें चरित्र ख्रिस्तसभेनें आपल्या वहींत लिहून ठेविलें.

ह्यावरून आपण काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी. पहिली ही कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं नांव, आडनांव, आईचें माहेरचें नांव व मूळ गांव हीं नीट सांगावीं. घाईनें सांगितलेलें एक अक्षर नातवंडांस वर्षांनुवर्षें फिरवितें. दुसरी ही कीं, घरांतील वडीलधाऱ्या माणसांस आजच विचारावें व त्यांचें सांगणें तारखेसह लिहून ठेवावें. छायाचित्रांच्या पाठीमागें नांवें लिहावीं. नोकरीनिमित्त मुंबईस, आखातांत किंवा त्याहूनही दूर गेलेल्या मुलांनीं तेथील विवाहाची वार्ता आपल्या मूळ धर्मग्रामास पोंचविली जाईल, हें पाहावें. तिसरी ही कीं, जुनी वही वाळवीनें खाल्ली, पावसानें भिजली, म्हणून ती निरुपयोगी झाली असें कोणी समजूं नये; तिची प्रत करविण्यास हातभार लावणें हेंही देवळाच्या जीर्णोद्धाराइतकेंच पुण्यकृत्य आहे.

आपल्यापैकीं कोणाचा नातू उद्यां कोणत्या देशांत असेल, हें आज सांगतां येत नाहीं. पण एखाद्या दिवशीं तो किंवा त्याचें मूल आपलें मूळ शोधीत निघेल, आणि त्याचा शोध आपल्या देवळाच्या ह्या कपाटाशीं येऊन पोंचेल, एवढें मात्र संभवनीय आहे. त्या दिवशीं त्यास पान कोरें सांपडूं नये. परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचे असे अनेक महोत्सव होवोत, आणि जीं बालकें ह्या वर्षीं बाप्तिस्मा घेतील त्यांचीं नांवें स्वच्छ अक्षरांत लिहिलीं जावोत, हीच आमची प्रार्थना.